चोबे नदीवर बोटीतून: पक्षी, हत्ती आणि पाण्याची पातळी

नदीकाठ | रविवार, सकाळी १०:१५

आफ्रिका म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर जीप, मसाईमारा आणि सिंह येतो. त्यात गैर काही नाही. पण ज्यांना पक्ष्यांचं वेड आहे, किंवा एका जागी बसून जनावरं न्याहाळायला आवडतं, त्यांनी एकदा तरी आफ्रिका नदीतून बघावी असं मला अगदी मनापासून वाटतं. म्हणून हा धागा. माझी ओळख मुख्यतः बोत्सवानातल्या चोबे नदीशी आहे, तेव्हा तिच्याबद्दल लिहितो. इतर नद्यांवर फिरलेल्यांनी भर घालावी.

चोबेचा उगम अंगोलाच्या उंच भागात होतो. तिथे ती क्वांडो, पुढे लिन्यांती, आणि शेवटच्या टप्प्यात चोबे. कझुंगुलापाशी ती झांबेझीला मिळते. या टप्प्यात उत्तर काठ नामिबियाचा, दक्षिण काठ बोत्सवानाचा. दक्षिण काठावर कासाने हे लहानसं गाव आहे आणि त्याला लागूनच चोबे राष्ट्रीय उद्यान सुरू होतं. व्हिक्टोरिया फॉल्स इथून रस्त्याने जेमतेम ८० किलोमीटर. त्यामुळे झालंय असं, की बरेच जण धबधबा बघून एका दिवसापुरते इकडे येतात, दुपारच्या मोठ्या बोटीत बसतात, हत्तींचे फोटो काढतात आणि संध्याकाळी परत. हत्ती दिसतातच, नदी मात्र बघायची राहून जाते. दोन-तीन रात्री तरी कासानेला राहा, आणि सकाळ-दुपार दोन्ही वेळा पाण्यात जा.

बोटी दोन तऱ्हेच्या. एक दुमजली, सपाट तळाची, बरीच माणसं मावणारी. दुसरी अॅल्युमिनियमची छोटी, आठ-दहा जणांची. पक्ष्यांसाठी छोटीच घ्यावी. ती उथळ पाण्यात शिरते, आणि तिच्यात बसल्यावर तुमची नजर पाण्याच्या जवळजवळ पातळीला येते. गाईडने बोटीचं तोंड लव्हाळ्यात घालून इंजिन बंद केलं, की सुरुवातीला काहीच दिसत नाही. मग हळूहळू सगळे आपापल्या कामाला लागतात. कमळपक्षी पानांवरून चालत पुढ्यात येतो. छोटा बगळा मान आखडून पुन्हा पाण्यावर नजर लावतो. वाळूत पडलेली मगर, जी आपल्याला ओंडका वाटलेली असते, ती तोंड उघडून तसंच ठेवते. अंगातली उष्णता कमी करायची तिची ही रीत. अशा जागी निदान अर्धा तास बसलं पाहिजे. जीपमध्ये गाडी पुढे हाकायची घाई असते, कुठे तरी सिंह दिसल्याचा वायरलेस आलेला असतो. नदीवर ती घाई ठेवायचं काही कारण नाही.

आता उन्हाबद्दल, कारण हे कोणी सांगत नाही. दक्षिण गोलार्धात हिवाळ्यात, म्हणजे जून-जुलै-ऑगस्टमध्ये, सूर्य उत्तरेच्या बाजूने जातो. जनावरं पाण्यावर येतात तो काठ दक्षिणेचा. म्हणजे नदीतून काठाकडे बघताना ऊन दिवसभर तुमच्या पाठीशी आणि हत्तीच्या तोंडावर. तेच हत्ती काठावरच्या जीपमधून बघाल तर ऊन समोरून येतं. दुपारची बोट आधी पश्चिमेला, नदीच्या वरच्या अंगाला जाते तेव्हा डोळ्यांवर तिरीप येते. जाताना फार थांबत बसू नये, लांबवर जाऊन घ्यावं आणि परतताना रमतगमत यावं. सूर्यास्ताच्या सुमारास उद्यानाबाहेर पडावंच लागतं, तेवढं धरून वेळ आखायला सांगा.

हत्तींबद्दल न लिहिणं शक्य नाही. नदीच्या मध्ये सेडुडू नावाचं गवताळ बेट आहे. कोरड्या दिवसांत काठावरचं गवत संपतं आणि कळप पोहत बेटावर जातो. पुढे थोरली मादी, मध्ये पिल्लं, मागे बाकीच्या. पाणी खोल झालं की पिल्लू दिसेनासं होतं, फक्त सोंडेचं टोक वर, आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी आई-मावश्यांची अंगं चिकटलेली. पलीकडे चढल्यावर हत्तीच्या अंगावर एक रेघ दिसते: पाणी लागलं तिथपर्यंत काळाकुळकुळीत, वर धुळीचा राखाडी. पिल्लू नखशिखान्त काळं. बोट त्यांच्या वाटेत न आणता लांब उभी केली, तर कळप नदी ओलांडून गवत उपटायला लागेपर्यंत सगळं बघता येतं. गवताचा जुडगा सोंडेने उपटून ते पाण्यात आपटून माती धुतात आणि मग खातात. तो सप-सप आवाज बोटीत ऐकू येतो.

पक्ष्यांची यादी टाकत नाही, लांबेल. पण मत्स्यगरुड, तिरंदाज, उघड्या चोचीचे करकोचे, गोलायथ हेरॉन हा माणसाच्या छातीएवढा उंच बगळा, लांब बोटांची टिटवी, करवानक, तीन-चार जातींचे खंड्या आणि वेडे राघू हे सहज. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यांत वरचा, आफ्रिकन पाणचिरा, म्हणजे चोचीने पाणी चिरत जाणारा स्किमर. त्याच्यावर वेगळं लिहीन, कोणाला रस असेल तर.

रानवेडी | रविवार, दुपारी १:०२

सुंदर लिहिलंय. पाणचिऱ्याबद्दल नक्की लिहा, वाट बघते.

मला एक अडचण विचारायची होती. आई ६८ वर्षांची, पक्ष्यांची अतोनात हौस, भिगवणला दर थंडीत जातेच. पण गुडघे आणि कंबर दोन्ही दुखतात. रणथंबोरच्या जिप्सीनंतर ती आठवडाभर झोपून होती. त्यामुळे जीप बाद. फक्त बोटीवर भिस्त ठेवून चोबेची सहल होऊ शकते का? आणि महिना कुठला? शाळेच्या सुट्टीमुळे मला मे किंवा दिवाळी सोयीची.

गॅबोरोनवासी | रविवार, संध्याकाळी ६:४०

बोत्सवानात नोकरीनिमित्त बरीच वर्षं आहे, म्हणून महिन्यांचं मी सांगतो.

आधी एक गोष्ट समजून घ्या. चोबेचं पाणी कासानेच्या पावसावर फारसं अवलंबून नाही. पाऊस इथे नोव्हेंबर ते मार्च. पण पूर येतो तो वर अंगोला आणि झांबियात पडलेल्या पावसाचा, आणि तो सपाट प्रदेशातून इतका सावकाश उतरतो की इथला पाऊस सरल्यावर पोहोचतो. साधारण मार्च ते मे पाणी सगळ्यांत जास्त. झांबेझी फुगली की तिचं पाणी चोबेत मागे रेटलं जातं, आणि काही काळ चोबे चक्क उलटी, पश्चिमेकडे वाहते. तेव्हा सेडुडू बेटाचा बराच भाग पाण्याखाली असतो.

त्यामुळे रानवेडी ताई, मे आणि दिवाळी या दोन अगदी वेगळ्या नद्या आहेत. मेमध्ये सगळीकडे पाणी, बोट गवतातून फिरते. कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी, बगळे खूप, हवा छान. पण हत्ती विखुरलेले, कारण त्यांना आत जंगलातल्या पाणवठ्यांवर अजून पाणी असतं. वाळूचे पट्टे बुडालेले, म्हणजे पाणचिरा जवळजवळ नाहीच. दिवाळीच्या सुमाराला पाणी उतरलेलं, आतले पाणवठे आटलेले, सगळं जंगल नदीवर. उष्मा मात्र भयंकर, ऑक्टोबरात ४० अंशांच्या आसपास. आईंसाठी सकाळी लवकरची आणि दुपारी उशिराची फेरी घ्या, मधल्या वेळी खोलीत विश्रांती.

जीपशिवाय सहल होते का, तर चोबेत होते. मगर, पाणघोडे, रेडे, हत्ती, घोरपडी, पुकू नावाचं हरीण (बोत्सवानात ते इथेच आहे) हे सगळं बोटीतून दिसतं. नशीब असेल तर पाणी प्यायला आलेला सिंहही.

राजधानी गॅबोरोनहून गाडीने येण्याचा कोणी विचार करत असेल तर नऊशेहून जास्त किलोमीटर आहेत, आणि रात्री रस्त्यावर हत्ती आणि गाढवं दोन्ही असतात. जोहान्सबर्गहून कासानेला थेट छोटं विमान आहे, ते घ्या.

चंबळकाठी | रविवार, रात्री ९:२५

पाणचिरा हा शब्द बघून आलो. आमच्याकडे चंबळवर भारतीय पाणचिरे बघायला जातो, आणि दरवेळी मनात धास्ती असते. २०२० साली त्यांना जागतिक यादीत 'संकटग्रस्त' ठरवलं. कारणं ठाऊकच आहेत: वाळूउपसा, धरणातून अवेळी सोडलेलं पाणी, नदी आटली की वाळूच्या बेटापर्यंत चालत पोहोचणारी कुत्री. आफ्रिकेतल्या पाणचिऱ्यांना काय त्रास आहे? पर्यटकांच्या बोटी इतक्या आहेत म्हणता, तर त्यांचं काय?

नदीकाठ | सोमवार, सकाळी ७:५०

@चंबळकाठी, नेमका प्रश्न. बोटींचाच त्रास आहे.

पाणचिरा घरटं करत नाही, उघड्या वाळूत पोटाने उथळ खळगा करतो. वाळूचा पट्टा पाण्याच्या वर असतो किती, तर काही ठिकाणी वीतभर. वेगात गेलेल्या बोटीची लाट त्या पट्ट्यावर चढते आणि अंडी भिजतात, नाही तर वाहून जातात. गाईडला हे ठाऊक असतं, पण मागे दुसरी बोट, पुढे सूर्यास्त, प्रवाशांना हत्ती हवेत, अशा घाईत वेग कमी होत नाही. म्हणून बोट ठरवतानाच स्पष्ट सांगावं: वाळूच्या पट्ट्यांजवळून हळू, आणि पट्ट्याला बोट लावायची नाही. मी ज्या गाईडबरोबर जातो तो पट्टा दिसला की शंभरएक मीटर आधीच इंजिन अगदी मंद करतो, मग प्रवाहाबरोबर येऊ देतो.

दुसरा त्रास उन्हाचा. सप्टेंबर-ऑक्टोबरात भर दुपारी ती वाळू पायाला चटका देते. पक्षी अंड्यांवर बसतो तो ऊब द्यायला नाही, सावली द्यायला. मधून मधून उठतो, पाण्यावर जातो, पोटाची पिसं भिजवून परत येतो आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसतो. आता विचार करा, बोट जवळ आली म्हणून तो उडाला आणि दहा मिनिटं घिरट्या घालत राहिला तर त्या अंड्यांचं काय होईल. त्यामुळे पट्ट्यावरचे पक्षी उभे राहिले, माना ताणून एकाच दिशेला बघायला लागले, की तिथून मागे फिरायचं. फोटो मिळाला नाही तरी चालेल.

शिकार बघायची तर सकाळी अगदी लवकर किंवा सूर्य टेकल्यावर. खालची चोच वरच्यापेक्षा लांब. ती पाण्यात बुडवून पक्षी पाण्याला समांतर उडत जातो, पंख पाण्याला न लागता, आणि मागे कात्रीने कापड कापावं तशी सरळ रेघ उमटत जाते. डोळ्यांनी मासा शोधत नाही, स्पर्शावर काम चालतं. चोचीला मासा लागला की डोकं झटकन खाली-मागे वळतं आणि चोच मिटते. हे इतक्या लवकर होतं की पहिल्यांदा बघणाऱ्याला पक्षी अडखळल्यासारखा वाटतो. बऱ्याचदा तीच रेघ धरून तो उलटा परत येतो. पाणी ढवळल्याने तिथे मासे जमतात म्हणे. कारण काही असो, एकदा रेघ दिसली की बोट हलवू नका, तो बहुधा परत येतो.

चंबळच्या आणि इथल्या पक्ष्यात सवयीचा फरक जवळजवळ नाही. तुम्ही चंबळला जे शिकलात ते सगळं इथे उपयोगी पडेल.

तिरपं_ऊन | सोमवार, सकाळी ११:१०

ऊन पाठीशी असण्याचा मुद्दा लाखमोलाचा. छायाचित्रणाच्या अंगाने थोडं जोडतो.

पश्चिमेकडे जाताना बोत्सवानाचा काठ डाव्या हाताला येतो, परतताना उजव्या. छोट्या बोटीत जागा बदलणं त्रासाचं, म्हणून परतीचं ऊन चांगलं हे धरून आधीच उजवीकडे बसा. कासानेला खास फोटोसाठीच्या बोटीही मिळतात, प्रत्येकाला फिरती खुर्ची आणि लेन्स टेकवायला स्टँड. महाग असतात, पण ६०० मिमीची जड लेन्स असेल तर पैसे वसूल. नसेल तर १००-४०० हातात धरून उत्तम काम होतं, कारण अंतर कमी असतं.

बोटीच्या काठावर कॅमेरा टेकवू नका, इंजिनची थरथर सरळ लेन्समध्ये येते. इंजिन बंद असताना टेकवा. उडत्या पक्ष्याला शटर १/२००० च्या खाली नको. पाणचिऱ्याला संध्याकाळी तेवढा उजेड नसतो, तेव्हा आयएसओ बेधडक वाढवा. आणि कवड्या खंड्यावर वेळ घालवा! हवेत एका जागी थरथरत उभा राहतो, डोकं तसूभर हलत नाही, अख्खं शरीर त्या डोक्याभोवती हलतं. भिगवणलाही तोच पक्षी आहे, पण चोबेत तो बोटीच्या दांडीवर येऊन बसतो.

रानवेडी | सोमवार, दुपारी ३:३०

गॅबोरोनवासी दादा, खूप खूप आभार. दिवाळी नक्की करते. आई पाणचिरा म्हटल्यावर उन्हाचं काही ऐकणार नाही.

एंटेबीहून | सोमवार, रात्री ८:०५

चोबे छानच आहे, पण युगांडाची बाजू मांडल्याशिवाय राहवत नाही. अंतर कमी, खर्चही तुलनेने कमी, आणि पक्ष्यांची विविधता कांकणभर सरसच.

कझिंगा हा जॉर्ज आणि एडवर्ड या दोन सरोवरांना जोडणारा नैसर्गिक प्रवाह, क्वीन एलिझाबेथ राष्ट्रीय उद्यानात. मवेयाहून दोन तासांची बोट निघते. काठाच्या मातीत कवड्या खंड्याची बिळंच बिळं, खाली पाणघोड्यांची गर्दी, त्यांच्यामध्ये चिखलात पहुडलेले रेडे. दुसरी जागा मर्चिसन फॉल्स. पाराहून बोट नाईलमधून वर धबधब्याच्या पायथ्याकडे जाते. वर एवढी थोरली नाईल सात मीटरच्या खडकाच्या फटीतून घुसते आणि चाळीसेक मीटर खाली कोसळते. पाण्यावर फेसाचे गोळे वाहत येतात, त्यावरून धबधबा जवळ आल्याचं बोटीतल्या लोकांना आधीच कळतं. वाटेतल्या कड्यांमध्ये लाल गळ्याच्या राघूंच्या वसाहती आहेत.

आणि शूबिल, बुटासारख्या चोचीचा मोठा पक्षी. एंटेबीजवळ माबाम्बाची दलदल आहे, रामसर क्षेत्र (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा). तिथे इंजिनची बोट नव्हे, अरुंद लाकडी होडी, वल्ह्याने आणि बांबूने ढकलत पपायरस या उंच पाणगवताच्या गल्ल्यांमधून नेतात. शूबिल फुप्फुसमाशाची वाट बघत उभा असतो, पंधरा-वीस मिनिटं एक पीस हलत नाही. मासा वर आला की अख्खा पक्षी अंग झोकून पाण्यात पडतो आणि चोचीत माशाबरोबर पाणवनस्पतींचा भारा घेऊन उठतो. मग डोकं हलवून तो भारा बाजूने सांडू देतो, मासा तेवढा ठेवतो. स्थानिक मच्छिमार एकेकाळी त्याला अपशकुनी मानायचे. आज त्यांच्यातलेच होडीवाले त्याला राखतात, कारण त्याच्यावर त्यांचं घर चालतं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

तांबट | मंगळवार, सकाळी ९:१५

सगळे छोट्या बोटीची बाजू घेताहेत, मी मोठीच्या बाजूने बोलतो. माझे सासरे सत्तरीचे, त्यांना दर तासाला स्वच्छतागृह लागतं. छोट्या बोटीत ते नाही आणि उद्यानात काठावर उतरता येत नाही. मोठ्या बोटीत आहे. शिवाय ती डुलत नाही, चढायला नीट फळी असते, सावली असते. वरच्या मजल्यावरून बेटावरचं गवत आतपर्यंत दिसतं. छोट्या बोटीतून तुम्हाला गवताची फक्त कड दिसते. आम्ही वरून बेटाच्या मध्यभागी चरणारे तीनशेच्या आसपास रेडे बघितले, शेजारच्या छोट्या बोटीला त्यांचा पत्ताही नव्हता.

रानवेडी, आईंना एक दुपार मोठ्या बोटीत न्या आणि दुसऱ्या दिवशी छोटी घ्या. पहिल्या दिवशी कळेल त्यांना पाण्यावर किती वेळ बसवतं.

नदीकाठ | मंगळवार, सकाळी १०:०५

@तांबट, पटलं. पाणी कमी असताना काठ उंच होतात आणि छोट्या बोटीतून वरचं मैदान दिसत नाही, हे मी लिहायला हवं होतं. वयस्करांसाठी तुमचा क्रमच योग्य.

@एंटेबीहून, माबाम्बा फार वर्षांपासून मनात आहे. स्वतंत्र धागा काढा, खरंच.

दारेसलामकर | मंगळवार, दुपारी १२:४५

रुफिजीचं कोणी नाव घेतलं नाही म्हणून लिहितो. दक्षिण टांझानिया, पूर्वीच्या सेलू अभयारण्याचा उत्तर भाग, २०१९ पासून न्येरेरे राष्ट्रीय उद्यान. दार-ए-सलामहून छोट्या विमानाने पाऊण तास. इथे ताडाची झाडं पाण्यात उभी असतात, शेंडे गळून गेलेली, आणि प्रत्येक बुंध्यावर कोणी ना कोणी बसलेलं: मत्स्यगरुड, तिरंदाज, पाणकावळे. कडेला पांढऱ्या कपाळाच्या राघूंची बिळं. बोटी मोजक्या, गर्दी नाही.

मात्र नदी बदलते आहे, हे सांगणं मला आवश्यक वाटतं. वरच्या अंगाला स्टीग्लर्स गॉर्जमध्ये २,११५ मेगावॉटचं धरण झालं. डिसेंबर २०२२ मध्ये पाणी साठवायला सुरुवात झाली. देशाला विजेची निकड आहे, मी रोज इथे राहतो, मला ती कळते. पण बोटीतून दिसतात ती तळी, वाळूचे पट्टे, दरडी हे सगळं दरवर्षीच्या पुराने घडवलेलं. पूर गाळ आणतो, जुना पट्टा मोडतो, नवा रचतो. पाणी वर्षभर एकसारखं यायला लागलं तर पट्ट्यांवर गवत उगवेल, आणि गवतात पाणचिरा अंडी घालत नाही. पुढच्या दहा वर्षांत इथे काय होतं ते पक्षी मोजणाऱ्यांनी लिहून ठेवलं पाहिजे. येणाऱ्यांना विनंती, तारीख आणि जागेसकट नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका.

चंबळकाठी | मंगळवार, दुपारी ४:२०

हे वाचून चंबळ डोळ्यांपुढे आली. तिथेही हेच: अंडी असताना वरून पाणी सुटलं तर एका रात्रीत वसाहत साफ. दारेसलामकर, तुमच्याकडच्या नोंदी बघायला आवडतील.

कायद्याचं_बोला | मंगळवार, रात्री १०:३०

सेडुडू बेटाचा उल्लेख आला म्हणून थोडं विषयांतर. त्या बेटावरून बोत्सवाना आणि नामिबिया आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले होते. नामिबिया त्याला कासिकिली म्हणतो. १८९० मध्ये ब्रिटन आणि जर्मनीने आपसात करार करून नदीचा मुख्य प्रवाह ही सीमा ठरवली, पण बेटाच्या दोन्ही बाजूंनी प्रवाह आहे, त्यातला मुख्य कोणता ते लिहिलंच नाही. न्यायालयाने खोली, रुंदी, पाण्याचं प्रमाण, नौकानयनाची सोय हे सगळं तपासलं आणि १३ डिसेंबर १९९९ रोजी उत्तरेकडचा प्रवाह मुख्य ठरवला. बेट बोत्सवानाचं झालं. साडेतीन चौरस किलोमीटरचं, वर्षातले काही महिने पाण्याखाली जाणारं बेट.

मला त्या निकालातला दुसरा भाग अधिक आवडतो. बेटाभोवतीच्या दोन्ही प्रवाहांत दोन्ही देशांच्या नागरिकांना आणि बोटींना समान वागणूक मिळेल असंही त्यात म्हटलं आहे. आज नामिबियाच्या काठावरच्या लॉजची बोट आणि कासानेची बोट एकाच कळपासमोर शेजारी-शेजारी उभ्या असतात, ते त्यामुळे.

गॅबोरोनवासी | बुधवार, सकाळी ७:१०

उत्तम माहिती. यात भर म्हणजे हत्तींना यातली एकही सीमा लागू नाही. अंगोला, बोत्सवाना, नामिबिया, झांबिया, झिंबाब्वे या पाच देशांनी मिळून काझा नावाचं संरक्षित क्षेत्र केलंय. २०२२ मध्ये तिथे विमानातून एकत्रित गणना झाली: सुमारे २ लाख २८ हजार हत्ती, त्यातले १ लाख ३२ हजारांच्या आसपास एकट्या बोत्सवानात. बोटीतून हे दृश्य सुखाचं वाटतं. कासानेच्या आसपास ज्याचं मक्याचं शेत एका रात्रीत जातं, त्याला ते तसं वाटत नाही. गाईडशी गप्पा मारा, त्यांच्यातल्या बहुतेकांच्या घरी शेती आहे. त्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं असतं.

रानवेडी | बुधवार, दुपारी २:००

आईला सगळा धागा वाचून दाखवला. तिचे दोन प्रश्न. पाणघोडा बोट उलटवतो असं ऐकलंय, कितपत खरं? आणि दिवाळीत गेलं तर आपल्याकडून जाणारे अमूर ससाणे तिथे दिसतील का? गेल्या वर्षी लोणावळ्याला थोडक्यात हुकले तिचे.

गॅबोरोनवासी | बुधवार, संध्याकाळी ७:३५

पाणघोड्याचं खरं आहे, मात्र ते बहुतेक वेळा मासेमारीच्या छोट्या लाकडी होड्यांच्या बाबतीत घडतं. पाणघोडा नीट पोहत नाही, तळावरून चालत जातो. घाबरला की त्याला खोल पाणी गाठायचं असतं. बोट त्याच्या आणि खोल पाण्याच्या मध्ये आली की तो अंगावर येतो. जाणता गाईड तसा मध्ये जात नाही आणि त्याची खोल पाण्याकडची वाट मोकळी ठेवतो. आ वासून दाखवतो ती जांभई नव्हे, दटावणी आहे. दोनदा आ वासला की निघायचं. सरळ बोटीकडे येणारी बुडबुड्यांची रांग दिसली तर गाईडला लगेच सांगा. आईंना सांगा, शांत बसावं आणि हात बोटीबाहेर नको, मगरींमुळेही.

अमूर ससाणे दिवाळीत नाही. ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात नागालँड-मणिपूरला थांबतात, मग भारत ओलांडून अरबी समुद्रावरून एका दमात आफ्रिकेत, आणि आमच्याकडे पोहोचेपर्यंत डिसेंबर उजाडतो. २०१३ मध्ये नागालँडच्या पांगती गावी उपग्रह-टॅग लावलेले पक्षी दक्षिण आफ्रिकेपर्यंत येऊन परत गेले होते. पावसाळ्यात इथे वाळवी उडाली की ते शेकड्यांनी आकाशात असतात. दिवाळीत मात्र लाल राघू नक्की, ऑगस्टअखेरीपासून नदीकाठी त्यांची वस्ती पडते. आणि कासानेच्या खळाळातल्या खडकांवर रॉक प्रॅटिनकोल. पाण्याचे तुषार उडत असतात आणि हे इवले पक्षी त्या ओल्या काळ्या दगडावर स्वस्थ बसलेले असतात. आईंना दुर्बिणीतून जरूर दाखवा.

रानवेडी | बुधवार, रात्री ९:१५

वाचून दाखवलं. अमूर हुकले तर हुकले, लाल राघूवर ती खूश आहे. शेवटचं एक: पिवळ्या तापाची लस घ्यावी लागेल का? एजंट म्हणतो सरसकट घ्या.

गॅबोरोनवासी | गुरुवार, सकाळी ६:५५

सरसकट नको, विशेषतः आईंना. बोत्सवाना पिवळ्या तापाच्या देशांत येत नाही. प्रश्न येतो तो वाटेत अदिस अबाबा किंवा नैरोबीला बराच वेळ थांबलात तर, कारण ते देश त्या यादीत आहेत. साठीपुढच्या माणसांना या लशीचा त्रास होण्याची शक्यता जास्त असते, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. सोपा उपाय म्हणजे मुंबई-दुबई-जोहान्सबर्ग-कासाने असं तिकीट काढा. तुम्ही स्वतः कधी केनिया-युगांडाला जाणार असाल तर घेऊन ठेवा, सरकारमान्य केंद्रातच मिळते, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी लागते आणि दाखला आता जन्मभर चालतो. मलेरियाच्या गोळ्यांचं मात्र दोघींनी डॉक्टरांना विचारा, कासाने मलेरियाच्या पट्ट्यात आहे. दिवाळीत पहिला पाऊस झाला असेल तर डास सुरू होतात. संध्याकाळच्या बोटीत पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मोजे.

रानवेडी | गुरुवार, सकाळी ८:२०

दुबईमार्गेच बघते. डॉक्टरांची वेळ शनिवारची घेतली आहे.